नागिणीचं तोंड आणि शेपूट

मराठीत आजारागणिक क्रियापद बदलतं. ताप येतो, सर्दी होते, खोकला लागतो, फोड उठतो, गोवर निघतो. यातलं ‘निघणं’ मला फार बोलकं वाटतं. गोवर निघाला किंवा कांजिण्या निघाल्या असं म्हणताना आत काहीतरी होतं आणि ते आता बाहेर पडतंय, हे गृहीतच असतं. म्हणून तर पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की जुन्या बायकांना उलट हायसं वाटायचं. निघू दे एकदाचं सगळं, आत राहायला नको, असं त्या म्हणायच्या. हे ‘आत राहणं’ त्यांना पुरळापेक्षा जास्त भिववायचं.

कांजिण्यांपुरती ती धास्ती खरी निघाली. पुरळ कितीही भरभरून येवो, खपल्या धरोत, गळून पडोत, आत राहायचं ते राहतंच. कांजिण्यांचा विषाणू त्वचेतून संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या मुळापर्यंत पोहोचतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना अशा मज्जापेशींचे पुंजके असतात, विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत त्यांना गुच्छिका म्हणतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे असेच पुंजके कवटीत असतात. तिथल्या पेशींच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए गोल वेटोळं होऊन राहतो. नवे विषाणू बनवत नाही, पेशी मारत नाही. वीस, चाळीस, साठ वर्षं अशीच जातात. बहुतेकांच्या बाबतीत पुढे काहीच घडत नाही. काहींच्या बाबतीत तो पुन्हा उचल खातो, त्याच मज्जातंतूवरून उलट्या दिशेने त्वचेकडे येतो आणि पाठीपासून बरगडीच्या कडेने पोटाकडे पुटकुळ्यांचा एक जळजळता पट्टा उमटतो. मराठी माणूस त्याला नागीण म्हणतो.

नाव पाहताक्षणी पटतं. पुटकुळ्यांची ओळ वळणं घेत पुढे सरकते, तिला स्पर्श सोसत नाही आणि आग तर एखाद्या दंशासारखी होते. नाग सोडून नागीण का, याचा माझा अंदाज असा, की मराठी बारीक आणि निमुळत्या वस्तूला बहुधा स्त्रीलिंगी करते. सुऱ्याची सुरी होते, दोराची दोरी होते. अंगावर उमटलेली बारीक रेघ मग नागीणच व्हायची.

आता डॉक्टरांच्या कागदावरचं नाव बघा. हर्पिस झोस्टर. यातला ‘हर्पिस’ ग्रीकमधल्या ‘हेर्पेइन्’ या क्रियापदावरून आला, अर्थ सरपटणं. संस्कृतातला ‘सृप्’ धातू आणि हा ग्रीक धातू एकाच मुळाचे. शब्दारंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. ही अदलाबदल आपल्याला नवी नाही. इराणी भाषांतही ती स्वतंत्रपणे झाली. सिंधूचा हिंदू झाला तो तिथेच आणि सप्तच्या इराणी भावंडावरून फारसीत हफ्ता झाला, तो आपण हप्ता म्हणून फेडत असतो. ग्रीकांकडे सप्तला हेप्टा म्हणतात आणि ‘सर्प्’चं ‘हेर्प्’ होतं. लॅटिनने ‘स’ जपला, म्हणून तिथे सापाला सर्पेन्स. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला हर्पेटॉलॉजी म्हणतात आणि त्वचारोगाला हर्पिस, त्यामागे हेच मूळ आहे. मराठीतलं सरपटणंही त्याच वंशातलं.

हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य पसरत जाणाऱ्या नाना प्रकारच्या चट्ट्यांना आणि व्रणांना हर्पिस म्हणत. त्या शब्दाचा अर्थ आजच्याएवढा नेमका नव्हता. आयुर्वेदानेही तेच केलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकविसावा अध्याय विसर्पाचा आहे आणि नाना दिशांनी सरपटतो म्हणून विसर्प, अशी नावाची फोडही तिथेच दिलेली आहे. विसर्प म्हणजे आपली नागीणच, असं कुणी ठामपणे म्हणू नये. ते वर्णन त्वचेच्या इतर दाहांनाही लागू पडतं. पण एकाच धातूवरून, एकमेकांना न विचारता, दोन वैद्यकपरंपरांनी त्वचेवर पसरणाऱ्या रोगाचं नाव घडवलं, हे मला विलक्षण वाटतं.

लोकभाषांनी तर धातूचीही वाट पाहिली नाही, त्यांनी थेट सापच पाहिला. कन्नडमध्ये या रोगाला सर्पसुत्तु म्हणतात, सुत्तु म्हणजे वेढा किंवा वेटोळं. स्पॅनिशमध्ये कुलेब्रिया, म्हणजे छोटा साप. पोर्तुगीजमध्ये कोब्रेइरो, त्यात सापाला असलेला कोब्रा हा शब्द सरळ दिसतो. चिनी लोकभाषेत कमरेला विळखा घालणारा ड्रॅगन. एवढ्या दूरदूरच्या लोकांना एकच प्राणी सुचला, यात उसनवारी शोधायचं कारण नाही. ते पुरळ दिसतंच तसं.

मात्र मराठी घरांत या नावाबरोबर एक भीतीही येते. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र मिळालं, म्हणजे विळखा पुरा झाला, की माणूस दगावतो. ही समजूत आपल्यापुरती नाही. पहिल्या शतकात रोमच्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गवर्णनाच्या ग्रंथात झोस्टर नावाच्या रोगाबद्दल हेच नोंदवून ठेवलं आहे: तो माणसाच्या मध्यभागाला वेढत जातो आणि वेढा पूर्ण झाला की जीव घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन गृहस्थ आणि नागीण उतरवून घ्यायला, गेरूचा लेप लावून घ्यायला गेलेला आपला कुणी नातेवाईक एकाच गोष्टीला घाबरत होते.

विळखा पुरा होत नाही, याचं कारण शरीररचनेत आहे. मणक्यांच्या प्रत्येक फटीतून एक मज्जातंतू डावीकडे निघतो आणि एक उजवीकडे. प्रत्येकाचा त्वचेवरचा प्रदेश ठरलेला असतो आणि तो शरीराच्या मध्यरेषेशी संपतो. नागीण बहुधा एकाच गुच्छिकेतून उठते, म्हणून ती एकाच बाजूला राहते आणि मध्यरेषेवर येऊन थबकते. हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल या दोघांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांचे पट्टे आणि शवविच्छेदनात दिसलेल्या गुच्छिका जुळवून मज्जातंतूंच्या प्रदेशांचा त्वचेवरचा नकाशाच काढला. त्याआधी १८६०च्या दशकात बर्लिनच्या फॉन बेरेन्श्प्रुंगने या रोगाचं मूळ गुच्छिकेत असल्याचं दाखवलं होतं. आज विद्यार्थी तो नकाशा पाठ करतात, तो बऱ्याच अंशी नागिणीने आखून दिलेला आहे. पट्टा दोन्ही बाजूंना किंवा अनेक ठिकाणी उमटला, तर प्रतिकारशक्ती फार ढासळली असल्याची शक्यता असते आणि अशा माणसाला खरोखर धोका असतो. तेव्हा प्लिनी अगदीच चुकला होता असं नाही, पण त्याने कार्यकारण उलटं लावलं.

झोस्टर म्हणजे ग्रीक योद्ध्याचा कमरपट्टा. लॅटिनमध्ये त्याचा तर्जुमा ‘सिंग्युलुम’ झाला आणि तो झिजत इंग्रजीत शिंगल्स होऊन बसला. जर्मन याला पट्ट्याचं गुलाब म्हणतात, अरबीत हे आगीचा पट्टा आहे, नॉर्वेत नरकाची आग. नेपाळीतलं नाव मला सगळ्यांत आवडतं. जनै खटिरा, म्हणजे जानव्यासारखा जाणारा फोड. खांद्यावरून तिरपं उतरणारं पुरळ ज्याने पाहिलं असेल, त्याला यापेक्षा नेमकं नाव सापडणार नाही.

संस्कृतात पट्ट्याचं हे प्रकरण आणखी गुंतलेलं आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत कक्षा नावाचा एक रोग आहे, हात, बरगड्या, खांदा, काख या भागांत येणाऱ्या दुखऱ्या फोडांचा. कित्येक वैद्य नागिणीचा मेळ याच्याशी घालतात. कक्ष म्हणजे काख. पण कक्षा म्हणजे कमरपट्टाही, हत्तीला आवळायचा पट्टासुद्धा. मराठीत या शब्दाचे दोन वारस आहेत. एका वाटेने काख आली, दुसऱ्या वाटेने कच्छा होऊन कास आली, कासोट्यातली. मत्स्यचा मच्छ आणि मग मासा, कच्छपचा कासव, तशीच ही कास. म्हणजे सुश्रुताचा कक्षा शब्द काखेवरून आला असेल, पण त्यात ग्रीकांचा पट्टाही आपसूक गुंडाळलेला आहे. उपग्रह ज्या कक्षेत फिरतो, तीही याच घरातली.

इथपर्यंतची सगळी नावं, मग ती सापाची असोत, पट्ट्याची की आगीची, त्वचेवरून दिलेली आहेत. लहानपणच्या कांजिण्या आणि उतारवयातली नागीण यांचं नातं त्यांतल्या एकालाही कळलेलं नाही. कळणार तरी कसं? मध्ये अर्धं आयुष्य गेलेलं असतं.

१८९२ साली बुडापेस्टमध्ये यानोश बोकाय या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात. १९२५ मध्ये कुन्द्राटिट्झने नागिणीच्या पुटकुळीतलं पाणी मुलांना टोचून कांजिण्या येतात का, ते पाहिलं. त्या आल्या. आज असा प्रयोग करायची कुणाची छाती होणार नाही. १९५०च्या दशकात टॉमस वेलरने दोन्ही रोगांतले विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचं दाखवलं. तेव्हा एका विषाणूला दोन नावं जोडून द्यावी लागली, व्हॅरिसेला-झोस्टर. व्हॅरिसेला हे देवीच्या लॅटिन नावाचं लडिवाळ रूप, धाकटी देवी म्हणा हवं तर. पहिला शब्द मुलाच्या आजाराचा, दुसरा म्हाताऱ्याचा. मधली सगळी दशकं त्या छोट्या संयोगचिन्हात आहेत, आणि या साऱ्या नावांत दडून राहण्याची दखल घेणारं तेवढं एकच आहे.

त्या संयोगचिन्हाचा अर्थ लावला तो एका गावच्या डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर इथे साधा कौटुंबिक डॉक्टर होता. आपल्या दवाखान्यात १६ वर्षांत आलेल्या नागिणीच्या १९२ रुग्णांची त्याने बारकाईने नोंद ठेवली. उत्तरेकडच्या शेटलंडमधल्या येल बेटावर जाऊनही त्याने माहिती गोळा केली, कारण एवढ्याशा बेटावर कोणाचा आजार कोणाकडून आला, हे हुडकणं सोपं. गावात कांजिण्यांची साथ आली म्हणून नागिणीचे रुग्ण वाढत नव्हते, ते वयाबरोबर वाढत होते. १९६५ साली त्याने मांडलं, की विषाणू बाहेरून येतच नाही. तो लहानपणापासून गुच्छिकेत आहे, प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते आणि ती एका पातळीखाली घसरली की तो उठतो. १९८४ मध्ये एकाच रुग्णाच्या आधीच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू घेऊन दोघांचे डीएनए ताडून पाहिले गेले. ते जुळले. होप-सिम्पसनकडे सूक्ष्मदर्शकापेक्षा वह्याच जास्त होत्या, हे मला विसरावंसं वाटत नाही.

या दडून राहण्याला इंग्रजी वैद्यकाने लेटन्ट म्हटलं. लॅटिन ‘लाटेरे’ म्हणजे लपून असणं. मराठीत आपण त्याला सुप्त म्हणतो. गंमत अशी, की हाच इंग्रजी शब्द भौतिकशास्त्रात आला तेव्हा आपल्या शालेय पुस्तकांनी त्याला अप्रकट केलं. बर्फ वितळताना तापमान न वाढवता जी शोषली जाते, ती अप्रकट उष्मा. उष्णता अप्रकट आणि विषाणू सुप्त, असं का व्हावं? ज्वालामुखीला आपण निद्रिस्त म्हणतो, त्याचा विषाणूला लागलेला गुण असावा. (प्लिनी बिचारा इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला.)

सुप्त शब्द ‘स्वप्’ धातूचा. इथेही ग्रीकने ‘स’चा ‘ह’ केला, हिप्नॉटिझममधला ‘हिप्नोस’ हा आपल्या स्वप्नाचा सख्खा भाऊ. शब्द सुरेख आहे, पण मला तो इथे पटत नाही. झोप ही झोपणाऱ्याची स्वतःची अवस्था असते. गुच्छिकेतल्या विषाणूला झोप आलेली नसते, त्याला दाबून ठेवलेलं असतं. शरीरातल्या टी-पेशींची गस्त चालू असते तोवर त्याला हलता येत नाही. वय झालं, कर्करोगाचे उपचार चालू झाले, स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावी लागली, एचआयव्हीने त्या पेशी कमी केल्या की पहारा सैल होतो. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण इथे औषधांनाही लागू पडते. असायक्लोव्हिर हे नागिणीवरचं नेहमीचं औषध. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. हे औषध आपोआप काम करत नाही. विषाणू स्वतःची संख्या वाढवू लागला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो आणि तेच विकर या औषधाला धार लावतं. विषाणू गप्प असेल तर विकर नाही, म्हणून औषधही बोथट. पुटकुळ्या दिसल्यावर पहिल्या तीन दिवसांत ते सुरू करावं असं डॉक्टर सांगतात, पण गुच्छिकेत बसलेल्याला त्याने धक्काही लागत नाही.

सुप्तपेक्षा मराठीच्या घरगुती शब्दांत या अवस्थेची जाण जास्त आहे. जुना ताप अंगात मुरतो. मुरलेलं दिसत नाही, पण ते असतं आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण संशयाने म्हणतोच. परत येण्यासाठीही आपल्याकडे वेगवेगळी क्रियापदं आहेत. बरा होत आलेला ताप पुन्हा चढला तर तो उलटतो. जुनं, विसरलेलं दुखणं अचानक चाळवलं तर ते उचल खातं. विषाणूचं वागणं दुसऱ्या प्रकारचं. मराठी वैद्यकीय लेखक मात्र ‘पुनर्सक्रियीकरण’ असा आकडी लागल्यासारखा शब्द लिहितात, आणि उचल खाणं गावाकडच्यांच्या बोलण्यात राहून जातं. सापांच्या गोष्टींतला डूख धरणं हा शब्दही नागिणीच्या संदर्भात मोहात पाडतो. पण त्यात सूडाची भावना आहे, आणि विषाणूला कुणाचा राग यायचं कारण नाही.

हर्पिस हे आता एका अख्ख्या विषाणूकुळाचं नाव आहे. माणसात राहणारे या कुळातले विषाणू आज नऊ मोजतात, कारण सहाव्याचे दोन प्रकार २०१२ पासून वेगळे धरले गेले. नागपंचमीला नवनागांची नावं घेणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. ओठावर तापाच्या पुटकुळ्या आणणारा यातलाच, जननेंद्रियांवर येणाराही यातला, आणि हे सगळेच एकदा शिरले की जन्मभर मुक्काम करतात. बातम्यांत यांतल्या कुठल्याही हर्पिसचं भाषांतर बेधडक नागीण होतं. लैंगिक संबंधांतून पसरणारा हर्पिस आणि आजोबांच्या बरगडीवरची नागीण हे वेगळे आजार आहेत, आणि या एका शब्दापायी आजोबांना उगाच खाली मान घालावी लागते. नागीण झालेल्याकडून दुसऱ्याला नागीण लागतही नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला फार तर कांजिण्या येतात.

राहिला विषाणू हा शब्द. विष अधिक अणू. व्हायरस हा लॅटिन शब्द आणि आपलं विष पुन्हा एकाच मुळाचे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चिकट, ओंगळ द्रव असा होता आणि सापाच्या विषालाही तो लावत. १८९८ साली हॉलंडमध्ये बायेरिंकने तंबाखूच्या पानांवरच्या रोगाच्या कारणाला व्हायरस म्हटलं आणि आजचा अर्थ रुळायला लागला. मराठीने विषाणू घडवताना लॅटिनचा विसरलेला अर्थ नकळत परत आणला. पण अर्धं शतक एका पेशीत बसून काहीच न करणाऱ्या वस्तूला विष म्हणणं अवघड आहे.

त्या ओंगळ द्रवाचा खरा मराठी सोबती म्हणजे लस. जखमेतून, फोडातून पाझरतं ते पातळ पाणी म्हणजे लस. देवी टोचायच्या काळात फोडातलं तेच पाणी एका दंडातून दुसऱ्या दंडात जायचं, म्हणून टोचण्यालाही तेच नाव चिकटलं. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली जाहीर केली. ज्या मुलाच्या पुटकुळ्यांतून मूळ विषाणू घेतला, त्याच्या आडनावावरून त्या वाणाला ओका म्हणतात. तो जिवंत पण दुबळा केलेला विषाणू आहे आणि तोही मज्जापेशींत जाऊन मुरू शकतो. पुढे तो उचल खातो, पण क्वचितच. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नागिणीवरच्या लशीत विषाणूच नाही. त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारी द्रव्यं एवढंच त्यात आहे. ती गुच्छिकेतल्याला हात लावत नाही, पहारेकऱ्यांना ताजंतवानं करते. मोठ्या माणसांना, विशेषतः पन्नाशीपुढे, तिचा उपयोग सांगतात, कारण पुटकुळ्या गेल्यावरही मज्जातंतूंतली आग कित्येक महिने धुमसत राहू शकते आणि ती रोगापेक्षा छळते. अमेरिकेत साधारण तिघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते.

आता आपल्याकडेही नागिणीची लस मिळते. पण साप चावल्यावरच्या इंजेक्शनलाही लोक सरसकट लसच म्हणतात. ते असतं घोड्यांच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष, लस मुळीच नाही. त्यामुळे औषधांच्या दुकानात कुणी घाईने नागिणीवरची लस मागायला आला, तर दुकानदाराने आधी विचारलेलं बरं, कुठली नागीण?